अहवालातली गाळलेली ओळ

बाळांनो, टाकव्याच्या आबांच्या आजारपणाबद्दल तुम्हाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे कळलं, ते एकदा सलग लिहून काढते. तुमच्या बाबांनी सांगितलेलं खरंच आहे, पण त्यात माझा भाग नाही. तो मीच सांगायला हवा. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले, यावरून काय ते समजा.

आबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे दीर. आजोबा नोकरीसाठी लोणावळ्यात आले आणि आम्ही वलवणला घर केलं. आबा टाकवे बुद्रुकलाच राहिले, भाताची खाचरं सांभाळत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि पुढे तिथेच शिकवायला लागलेली, त्यामुळे लग्नानंतर वर्षभरातच घरात एक पद्धत पडून गेली. टाकव्याला इंग्रजी कागद आला की तो वलवणला यायचा. मी तो वाचायची, रेघांच्या कागदावर त्याची मराठी प्रत करायची आणि पुढच्या खेपेला ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवायची. प्रत टाकव्याला राहायची, मूळ कागद माझ्या कपाटात. फवारणीच्या पंपाबरोबर आलेली माहिती, पुतण्याचं, म्हणजे आबांच्या मुलाचं, कंपनीतलं नेमणूकपत्र, विम्याच्या अटी, सगळं मी असंच उतरवलं. एकही ओळ कधी सोडली नाही. पंपाच्या माहितीत 'लहान मुलांपासून दूर ठेवावे' असं होतं, तेही लिहिलं होतं. माझ्या जावेने तो कागद फडताळाला चिकटवला आणि पुढे कित्येक वर्षं नातवंडांना त्याच कागदाचा धाक घातला.

आबांच्या यकृतात गाठ आहे हे डिसेंबरात कळलं, तेही अपघाताने. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी करायला गेले आणि खडे राहिले बाजूला. रक्त तपासलं तेव्हा जुनी कावीळ निघाली, बी प्रकारची, कित्येक वर्षं अंगात मुक्कामाला असलेली. तिनेच हळूहळू यकृत खराब केलं होतं. आबांच्या गळ्यात माळ, दारूचा थेंब कधी घेतला नाही. पण लिव्हर म्हटलं की गावाला एकच गोष्ट सुचते. पारावर कुणीतरी विचारलंच, "आबा, माळ काढून कुटं बसत व्हता?"

आबा म्हणाले, "तुज्याच घरी. तूच तर वतत व्हतास."

पार हसला, पण जाऊ हसली नाही. तिने दळण आणायला जाणं बंद केलं. "लोक माझ्याकडं बघत्यात आक्का," ती म्हणाली, "जसं काय मीच ग्लास भरून देत व्हते."

जानेवारीच्या शेवटी पुण्यात ऑपरेशन झालं. यकृताचा गाठ असलेला भाग काढला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, छान झालं. आबा बाराव्या दिवशी घरी आले आणि पंधराव्या दिवशी गोठ्यात गेले म्हणून जावेने त्यांना शिव्या घातल्या. सगळं ठीक चाललं होतं. मग सर्जननी मला सांगितलं की काढलेल्या गाठीवर आणखी काही तपासण्या करून घेऊ. त्यांच्या प्रयोगशाळेत त्या होत नव्हत्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक प्रयोगशाळा होती, तिथे आपणच नमुना नेऊन द्यायचा.

नमुना आपणच न्यायचा, हे मला नवीन होतं. आपल्याकडे असंच चालतं, हे मला पुढे कळलं. पेशंटचे नातेवाईक खिडकीवर जातात, वहीत सही करतात आणि आपल्या माणसाचा तुकडा हातात घेऊन निघतात. मला एक प्लॅस्टिकची छोटी डबी मिळाली. आत मेणाचे चौकोनी ठोकळे, कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडे मोठे, आणि प्रत्येकात एक करडा तुकडा गोठलेला. पुतण्या गाडी चालवत होता. त्या दिवशी उशीर झाला म्हणून डबी घरी घेऊन आलो. उर्शाच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागली होती, मार्चचं ऊन काचेतून मांडीवर येत होतं आणि मला एकदम वाटलं, मेण वितळलं तर? मी रुमाल पाण्याने भिजवला आणि डबीभोवती गुंडाळला. पुतण्या म्हणाला, "काकी, आइस्क्रीम न्हाई ते." तरी मी रुमाल काढला नाही. घरी डबी कुठे ठेवावी ते कळेना. फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेववेना, आणि देवघरात तर नाहीच नाही. शेवटी माझ्या कागदांच्या कपाटात ठेवली आणि रात्रभर तिकडे पाठ करून झोपता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या डॉक्टर बाईंनी तो ओला रुमाल बघितला आणि हसल्या. "काकू, हे इतक्यात वितळत नाही हो." तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्यांनी काम कसं चालतं ते सांगितलं. ठोकळ्याच्या केसापेक्षाही पातळ चकत्या करतात, काचेवर घेतात. मग त्यावर असं काही औषध घालतात की ते एकाच ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं. ते प्रथिन पेशीत असेल तर तिथे तपकिरी रंग येतो, नसेल तर नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी गाठीची एक काच त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली. फिक्या निळ्या ठिपक्यांमध्ये जागोजाग तपकिरी डाग होते, शाईच्या कागदावर चहा सांडावा तसे.

"हे तपकिरी म्हणजे वाईट का?" मी विचारलं.

"कुठली खूण बघतोय त्यावर आहे. एका खुणेवरून कळतं पेशी किती वेगाने वाढतायत. दुसरी एक आहे, ती यकृताच्या गाठीत सहसा नसावी, असली तर गाठ जरा दांडगट स्वभावाची समजायची. शिवाय बारीक रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्यात का, तेही आम्ही बघतो."

"मग त्यावरून पुढचं सांगता येतं?"

"ज्योतिष नाही काकू हे. गाठ निघालीच आहे. पण ती पुन्हा यायची शक्यता कमी आहे की जास्त, आणि माणसावर किती जवळून नजर ठेवायची, एवढं कळतं."

अहवाल मेलवर माझ्याकडे आला. दोन पानं. पहिल्या पानावर चांगली बातमी: गाठ पूर्ण निघाली आहे, कापलेल्या कडांवर रोगाच्या पेशी नाहीत. दुसऱ्या पानावर त्या खुणा. तिन्ही वाईट बाजूच्या. पेशी वेगाने वाढणाऱ्या, नसावी ती खूण हजर, आणि बारीक रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या. शेवटी एक ओळ होती, की हे सगळं एकत्र पाहता गाठ पुन्हा होण्याचा धोका जास्त आहे आणि जवळून पाठपुरावा करावा. मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, आत्ता वेगळं औषध नाही, पण दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि रक्ताची तपासणी, एकही चुकवायची नाही. परत आली तरी लहान असताना सापडली पाहिजे. पेशंटला तुम्ही कल्पना द्या, भेटीत मीही सांगेन.

मी प्रत करायला बसले. पहिलं पान उतरवलं. दुसरं पान उतरवलं, ती शेवटची ओळही उतरवली. वाचून बघितली. 'धोका जास्त आहे.' माझ्याच अक्षरात ती ओळ फार काळीभोर दिसत होती. दुसऱ्या दिवशी टाकव्याला पाहुणे जमणार होते, जाऊ नवस फेडणार होती. ती पुन्हा दळणाला जायला लागली होती. मी विचार केला, आज नको, सर्जन सांगतीलच. खाडाखोड मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी तो कागद फाडला आणि नवा घेऊन त्या खुणांचा मजकूर आणि ती ओळ सोडून स्वच्छ प्रत केली. 'दर तीन महिन्यांनी तपासणीस जावे' हे मात्र लिहिलं. वाटलं, कामाचं तेवढं लिहिलंय.

ओसरीवर मी ते वाचलं. आबा टेकून बसले होते. "म्हंजे सुटलो," ते म्हणाले. जावेने माझ्या हातावर पेढा ठेवला. तो पेढा मी खाल्ला, बाळांनो.

एप्रिलच्या तपासणीला सर्जन परदेशी गेले होते. त्यांच्या सहाय्यकांनी स्कॅन बघितला, स्वच्छ आहे म्हणाले आणि पुढची तारीख दिली, जुलैअखेर. मी ती ओळ तेव्हाही सांगितली नाही. स्कॅन स्वच्छ आहे तर आता कशाला, असं मनाला सांगितलं. पण मनाचं काही खरं नव्हतं. भांडी घासायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, हे कपाट तुम्ही मंगळवारीच लावलं होतं ना?" हो, लावलं होतं. मी बाजारात जायची आणि पिशवीत काहीही भरून आणायची. धरणाच्या बाजूला फिरायला निघायची आणि अर्ध्यातून परत यायची, कारण फोन घरी राहिला असायचा.

जुलैअखेर आली तेव्हा मावळात आवणी, म्हणजे भाताची लावणी, जोरात होती. मजूर मिळत नव्हते, पाणी भरपूर, रोपं तयार. मी फोन केला.

"भाऊजी, तारीख आहे बुधवारी."

"वैनी, आवनी आटपू द्या. पाच खाचरं ऱ्हायल्यात."

"पोरगा बघेल."

"त्याला पाळी हाय कंपनीत. आन् मला काय झालंय? चिखलात हुबा हाय सकाळधरनं. बैलाला दम लागला, मला न्हाई."

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन केला. जाऊ म्हणाली, आक्का, ते ऐकत न्हाईत, तुम्हीच सांगा. मग आबा आले. "वैनी, कशापायी जिवाला घोर लावून घेताय? गाठ समदी निघाली, कडा सोच्छ. तुमीच लिवलंय न्हवं? हितं भिंतीवर हाय माझ्या म्होरं. वाचून दाखवू?"

आणि त्यांनी माझी प्रत मला फोनवर वाचून दाखवली. थांबत थांबत, एकेक शब्द लावत. मला वाटलं होतं की मी एक वाईट बातमी लांबवली आहे. प्रत्यक्षात मी त्यांच्या हातात स्कॅन चुकवायचं कारण दिलं होतं, तेही सुवाच्य अक्षरात.

त्या दिवशी मी भाजी करपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून मूळ अहवाल काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि लोणावळ्याहून गाडी पकडून कान्ह्याला उतरले. तिथून रिक्षा. पाऊस असा की रिक्षावाल्याने दोन्ही बाजूंचे पडदे सोडले होते आणि मला रस्ताच दिसत नव्हता. वाटेत काय बोलायचं ते मी तीनदा ठरवलं.

आबा बांधावर होते, डोक्यावर पोत्याची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून म्हणाले, "आगं बाई, वैनी! आवनीला आलाय व्हय? या, पदर खोचा."

"घरी चला. बोलायचंय."

"हितंच बोला की."

मग मी तिथेच बोलले. ठरवलेलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हणाले, "भाऊजी, अहवालात आणखी एक ओळ होती. ती मी तुम्हाला वाचून दाखवली नाही." आणि पिशवीतून कागद न काढताच ती सांगितली, कारण ती मला पाठ झाली होती. खुणा काय असतात तेही सांगितलं, डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं तसं. गाठीच्या पेशी वेगाने वाढणाऱ्या होत्या, बारीक नळ्यांत शिरलेल्या होत्या, ती परत येऊ शकते, आणि लवकर सापडली तर उपाय असतो.

आबांनी रोपांची पेंढी या हातातून त्या हातात घेतली.

"मार्चात आलता न्हवं ह्यो कागद?"

"हो."

"मार्च, एप्रिल, मे..." त्यांनी बोटं मोजली. "वैनी, मी अडानी हाय. पन मरायचं आसंल तर मला तरी ठावं पाहिजे का न्हाई? मी पोराला म्हनलं, औंदा नवं जनावर घिऊ. त्याला काय म्हाईत, मला काय म्हाईत. समद्यात शानी एकटी तुमी."

मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. जाऊ डोक्यावर चहाची किटली घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला तिथेच सगळं सांगितलं, एका दमात, काही न लपवता. तिने किटली बांधावर ठेवली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आक्का, मी पेढं वाटलं गावात." त्यानंतर दिवाळीपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

"उद्या जायचं," मी म्हणाले.

"दोन खाचरं ऱ्हायल्यात. परवा."

"उद्या, भाऊजी."

त्यांनी हातातली पेंढी चिखलात टाकली. "बरं. उद्या."

स्कॅनमध्ये यकृताच्या राहिलेल्या भागात एक ठिपका निघाला. लहान होता. सर्जन परत आले होते, त्यांनी मला विचारलं, पेशंटला आधी कल्पना होती ना? मी म्हणाले, नव्हती, चूक माझी. त्यांनी फाइलचं पान उलटलं. रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. ठिपका अजून सुईने जाळता येण्याजोगा होता. म्हणजे पोट न उघडता बाहेरून सुई घालून तेवढी जागा तापवून मारायची. आणखी उशीर झाला असता तर काय, हे मी विचारलं नाही. आबांनी विचारलं. सर्जन म्हणाले, "तेव्हा वेगळं काहीतरी बोलावं लागलं असतं." एवढ्यावर आबांनी मान हलवली.

सुईचं काम झालं. तीन दिवसांत आबा घरी आले. आवणीची राहिलेली दोन खाचरं पुतण्याने पाळी बदलून घेऊन लावली. औंदाच्या इंद्रायणीचा तांदूळ तुमच्यासाठी ठेवला आहे, कुणी येणारं असलं की पाठवते.

घरातल्या सगळ्यांची त्या जुन्या काविळीची तपासणीही आबांनीच लावून धरली. ती आईकडून मुलांना आणि घरातल्या घरात रक्तातूनही जाऊ शकते, म्हणून तुमच्या बाबांनाही करायला लावली. त्यांची स्वच्छ आहे. त्या तपासणीचा मूळ कागद सोबत पाठवते आहे, सगळी पानं.

आता आबा तारीख चुकवत नाहीत. दर तीन महिन्यांनी आम्ही जातो, पण मला आत नेत नाहीत. पहिल्यांदा मी सवयीने उठले, फाइल घेऊन, तर ते म्हणाले, "वैनी, तुमी बसा. डाक्टरला मऱ्हाटी येतं." फाइल त्यांनी माझ्या हातातून घेतली. मी बाकावर बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा कागद माझ्याशिवाय वाचला जात होता.

गेल्या महिन्यातही तसंच झालं. आत गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. भिंतीवरचं यकृताचं चित्र इतक्या वेळा बघितलं की आता मी ते काढून दाखवीन. शेवटी दार उघडलं. आबांनी फाइल काखेत घट्ट धरली होती.

"काय म्हणाले?"

"बरं हाय म्हनले."

"आणखी?"

"आनखी काय आसनार? बरं हाय."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते चप्पल शोधत होते, जी त्यांच्या पायातच होती. मला म्हणायचं होतं, फाइल इकडे द्या. पण ते म्हणायचा हक्क माझा राहिला नाही, हे मला कळत होतं, आणि त्यांनाही.

"चला," ते म्हणाले, "वडापाव खाऊ. आज म्या देनार."

आम्ही खाल्ला. त्यांनी दोन खाल्ले. दोन खाल्ले म्हणजे बरंच असणार, असं मी गाडीत स्वतःला सांगत आले. पुढची तारीख पाच आठवड्यांवर आहे.